वाचक विचारतात : अंथरुणातून परदेशी सिनेमा

ताप, सर्दी, डोळे, चक्कर अशा कारणांनी घरी अडकलेल्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी एकाच विषयावर आली आहेत. परदेशी सिनेमा म्हणजे दीड-दोन तास सलग वाचन. आजारपणात नेमकं तेच जड जातं आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं अशी.

प्रश्न : जानेवारीत पिफचा (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा) पास काढून ठेवला होता आणि नेमका त्याच आठवड्यात ताप आला. राहून गेलं म्हणून घरीच एक इराणी सिनेमा लावला. वीस मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले, निम्मी सबटायटल्स वाचून होण्याआधीच निघून गेली. तापात असे सिनेमे पाहूच नयेत का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाहावेत, पण वेळ आणि सिनेमा दोन्ही निवडून. इंग्रजी सबटायटल्सचा रूढ हिशेब असा : एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि प्रौढ माणूस सेकंदाला १७ ते २० अक्षरं वाचेल हे गृहीत. म्हणजे भरगच्च दोन ओळी पडद्यावर जेमतेम चार-पाच सेकंद असतात. धडधाकट माणसाला तेवढा वेळ पुरतो आणि वर चेहऱ्याकडे बघायलाही उरतो. अंगात १०१ ताप असताना वाचनाचा वेग पडतो, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायला होते, आणि पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटल्या जात असल्याने डोळे कोरडे पडून चुरचुरतात.

म्हणून तापाची चढ-उतार बघून सिनेमा लावा. पॅरासिटामॉलचा गुण यायला अर्धा ते एक तास लागतो आणि तो चार ते सहा तास टिकतो. गोळी घेतल्यावर लगेच नव्हे, तासाभराने सुरू करा. मधले दोन तास बरे जातात. एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तास, आणि धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या आत ही मर्यादा. यकृताचं दुखणं असेल तर ती आणखी खाली येते, किती ते डॉक्टरांना विचारा. एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाची गोळी वेगळी घेतली की हिशेब दुप्पट होतो, तेव्हा पाकिटामागचं घटकांचं नाव वाचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांना हात लावायचा नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप १०३ च्या वर गेला किंवा तीन दिवसांत उतरला नाही, तर सिनेमा राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा.

आता पडद्याचं. बहुतेक ॲप्समध्ये सबटायटल्सचा आकार, रंग आणि मागची पट्टी बदलता येते. अक्षरं मोठी, रंग पांढरा किंवा फिका पिवळा, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी असं ठेवा. काळी पट्टी दिसायला वाईट दिसते हे मान्य, पण बर्फाच्या किंवा वाळवंटाच्या दृश्यावर पांढरी अक्षरं शोधत बसण्यापेक्षा आजाऱ्याला ती परवडते. खोलीत पूर्ण अंधार करू नका. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक मंद दिवा ठेवला की बुबुळांवरचा ताण कमी होतो. पंख्याचा झोत चेहऱ्यावर नको, डोळे आणखी सुकतात.

काही जण वेग ०.७५ वर ठेवतात. वाचायला वेळ मिळतो हे खरं, पण नटांची चाल आणि बोलणं ओढल्यासारखं होतं, आणि दिग्दर्शकाने राखलेली लय जाते. त्यापेक्षा रिमोट हाताशी ठेवा आणि ओळ निसटली की दहा सेकंद मागे जा.

सिनेमा निवडताना लांबी आणि बोलण्याचं प्रमाण दोन्ही बघा. इराणीच हवा असेल तर अब्बास किआरोस्तामींचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम’ (१९८७) ८३ मिनिटांचा आहे आणि माजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) ८९ मिनिटांचा. दोन्हींत गोष्ट एका ओळीची : एका मुलाला मित्राची वही परत करायची आहे, दुसरीकडे भावा-बहिणीत बुटांचा एकच जोड आहे. एखादं सबटायटल हुकलं तरी धागा सुटत नाही. इराणीच कौटुंबिक नाट्यं, ज्यांत चार माणसं एकाच वेळी तावातावाने भांडतात, ती उत्तम असतात, पण ती बरं वाटल्यावर.

प्रश्न : माझं वय ५८, चष्मा प्रोग्रेसिव्ह. सोफ्यावर बसून सबटायटल्स स्वच्छ दिसतात. आजारी पडून पलंगावर उशा लावून पाहिलं की तीच अक्षरं धूसर. नंबर वाढला असेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नंबर नाही, तुमची मान कारणीभूत आहे. प्रोग्रेसिव्ह काचेत वरचा भाग लांबचं बघायला, मधला पट्टा हाताच्या अंतरासाठी आणि खालचा भाग वाचायला असतो. सोफ्यावर ताठ बसल्यावर तुम्ही वरच्या भागातून टीव्ही बघता. पलंगावर रेललं की डोकं मागे जातं, चेहरा छताकडे वळतो आणि समोरचा टीव्ही बघायला बुबुळं खाली येतात. म्हणजे आठ-नऊ फुटांवरचा पडदा तुम्ही वाचनाच्या नंबरातून बघत असता. तुमचा वाचनाचा अधिक नंबर दोनचा असेल, तर तो भाग साधारण अर्ध्या मीटरवर नीट दिसावा म्हणून घडवलेला असतो. टीव्ही धूसर दिसणारच. बायफोकलवाल्यांनाही हाच त्रास होतो, त्यांना मधली रेघ पडद्यावर आडवी आलेली दिसते, एवढाच फरक.

खात्री करायला पडून असतानाच हनुवटी छातीकडे आणा. अक्षरं लख्ख झाली तर चष्मा ठीक आहे. झाली नाहीत तर बरं वाटल्यावर डोळे तपासून घ्या. तापात किंवा सर्दीच्या गोळ्यांनी नजर तात्पुरती अंधूक होऊ शकते, त्यामुळे आजारपणात नंबर काढायला जाऊ नका.

उपाय दोन. पहिला, उशांची रचना बदला. डोक्याखाली उशांचा ढीग रचला की मान मोडल्यासारखी पुढे येते आणि तासाभरात दुखायला लागते. त्याऐवजी कमरेपासून खांद्यापर्यंत तिरका आधार हवा : तक्क्या किंवा लोड भिंतीला टेकवून, त्यावर एक जाड उशी, आणि मानेच्या खोबणीत टॉवेलची गुंडाळी. पाठ ४५ अंशांपेक्षा जरा जास्तच उभी असली की हनुवटी आपोआप खाली येते. गुडघ्यांखाली एक उशी सरकवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी घसरून पुन्हा आडवे व्हाल. दुसरा उपाय सोपा : फक्त लांबच्या नंबरचा जुना चष्मा असेल तर तो शोधून लावा. एकच नंबर असल्याने काचेच्या कुठल्याही भागातून सारखं दिसतं. सिनेमा पडून पाहायची सवयच असेल तर लांबच्या नंबरचा एक स्वस्तातला चष्मा खास त्यासाठी करून घ्यायला हरकत नाही.

टीव्ही भिंतीवर उंच लावलेला असेल तर सोफ्यावरच्यांची मान अवघडते, पण रेललेल्या आजाऱ्याला तो सोयीचा पडतो. फक्त स्टँडवरून पडदा थोडा खाली झुकवून घ्या. पलंगाच्या पायथ्याची फळी किंवा स्वतःचीच पांघरुणातली पावलं सबटायटल्सच्या आड येत असतील, तर सबटायटल्स वर सरकवायची सोय बऱ्याच प्लेअरमध्ये असते. अंतराचा अंदाज : ३२ इंची पडद्यासाठी साडेचार फूट, ४३ इंचीसाठी सहा, ५५ इंचीसाठी साडेसात फूट. आपल्या खोल्यांत पलंग याहून लांब असतो, म्हणून अक्षरांचा आकार वाढवणं भाग आहे.

कुशीवर पडून मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी : ऑटो-रोटेट बंद करा. नाहीतर तुम्ही कूस बदलली की चित्रही उलटं-सुलटं वळतं. फोन चेहऱ्यावर धरून उताणं पाहू नका. गुंगी आली की तो नाकावर पडतो.

प्रश्न : पेनड्राइव्हवरचा फ्रेंच सिनेमा आणि त्याची वेगळी सबटायटल फाइल लॅपटॉपवर लावली. सुरुवातीला जुळतं, तासाभराने माणूस बोलून गेल्यावर दोन मिनिटांनी अक्षरं येतात. मराठी सबटायटल्स मिळाली तर टीव्हीवर चौकोन किंवा भलतीच अक्षरं. ताप असताना हे निस्तरायचं त्राण नाही. सोपा मार्ग?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दुखणं कुठलं ते ओळखा, कारण तीन वेगळे आजार सारखेच दिसतात. पाचव्या मिनिटाला किती फरक आहे आणि शेवटून पाचव्या मिनिटाला किती, एवढं बघा.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल, उदाहरणार्थ तीन सेकंद, तर नुसतं सरकवणं पुरतं. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये कीबोर्डवरची ‘जी’ आणि ‘एच’ ही अक्षरं दाबली की सबटायटल्स प्रत्येक वेळी ५० मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे जातात. ‘एच’ने उशीर वाढतो, ‘जी’ने कमी होतो. मोबाइलच्या व्हीएलसीतही सबटायटल्सच्या मेनूत उशीर कमी-जास्त करायचा पर्याय आहे.

फरक वाढत जात असेल, तर तो वेगाचा घोटाळा आहे, आणि तुमचं दुखणं हेच दिसतं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चित्रित होतो. युरोपच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं लागतात, म्हणून तिथल्या डीव्हीडीवर तोच सिनेमा जवळजवळ चार टक्के जलद पळतो आणि दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो. तुमच्याकडची सबटायटल्स एका प्रतीसाठी बनवलेली आणि सिनेमा दुसऱ्या प्रतीचा असला, की तासाला अडीच मिनिटांच्या आसपास फरक पडत जातो. इथे ‘जी’, ‘एच’ दाबत बसलात तर शेवटपर्यंत दाबतच राहाल. ‘सबटायटल एडिट’ नावाची मोफत प्रणाली आहे. तिच्या सिंक्रोनायझेशन मेनूत फ्रेम रेट बदलायचा पर्याय आहे. सबटायटल्स उशिरा येत असतील तर फाइल २३.९७६ (म्हणजे ढोबळमानाने २४) वरून २५ वर न्या. लवकर येत असतील तर उलट करा. फाइल सेव्ह करा, काम संपलं. दोन मिनिटांचं आहे, घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तरी होईल.

तिसरा प्रकार : चाळिसाव्या मिनिटापर्यंत अचूक, मग एकदम वीस सेकंदांची उडी, आणि पुढे तो फरक तसाच. म्हणजे तुमच्या प्रतीत एखादा प्रसंग जास्त किंवा कमी आहे. तिथून पुढच्या ओळी निवडून तेवढ्याच सरकवाव्या लागतात. तापात हा उद्योग करू नका, दुसरा सिनेमा लावा.

चौकोनांचं कारण वेगळं. भलतीच अक्षरं दिसली तर फाइलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकलंय. ती नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’ करताना यूटीएफ-८ निवडा. तरीही गोंधळ राहिला तर व्हीएलसीच्या सबटायटल्सच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. नुसते चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तिथेच निर्मला किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा. आणि अक्षरं देवनागरीच, पण वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं फुटलेली दिसली, तर टीव्हीच्या प्लेअरला देवनागरीची जुळणी जमत नाही. त्यावर टीव्हीत इलाज नाही. लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडून तिथून चालवा. वायर नसेल तर ‘हँडब्रेक’ या मोफत प्रणालीत सबटायटल्स चित्रातच कायमची छापून घेता येतात, फक्त त्याला वेळ लागतो. रात्री लावून ठेवा, सकाळी फाइल तयार. छापण्याआधी वरचा वेगाचा घोळ निस्तरा, एकदा छापल्यावर काही हलत नाही.

प्रश्न : आई ७४ वर्षांची. न्यूमोनियातून उठतेय. मराठी झरझर वाचते, इंग्रजी अक्षर ओळखते पण वेग नाही. तिला जपानी, फ्रेंच सिनेमे दाखवावेत असं वाटतं. डब केलेले दाखवणं म्हणजे पाप का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : अजिबात नाही. मूळ आवाजाचा आग्रह आम्हीही धरतो, पण ज्याला वाचता येत नाही किंवा वाचवत नाही त्याच्यासाठी चांगलं हिंदी डबिंग इंग्रजी सबटायटल्सपेक्षा केव्हाही बरं. ॲनिमेशनमध्ये तर ओठांची जुळणीही खटकत नाही. एक काळजी घ्या : हिंदी आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स एकत्र लावू नका. दोन्हींचे अनुवाद वेगळे असतात, डोळा नकळत खाली जातो आणि ऐकलेलं-वाचलेलं जुळत नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे जिथे भाषेचं काम थोडं आहे असे सिनेमे. आल्बेर लामोरिस यांचा ‘द रेड बलून’ (१९५६) अवघा ३४ मिनिटांचा. पॅरिसच्या जुन्या वस्तीतला एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे येणारा लाल फुगा. संवाद बोटांवर मोजण्याइतके, तरी त्याला उत्कृष्ट मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. धाप लागते, फार वेळ बसवत नाही अशा माणसाला अर्ध्या तासाचा पूर्ण सिनेमा म्हणजे पर्वणी. शेवटी फुग्याचं बरं होत नाही, हे आधी माहीत असू द्या. जाक तातींचा ‘मस्य हुलोज हॉलिडे’ (१९५३) असाच. समुद्रकाठचं हॉटेल, पाहुणे, आणि दाराच्या करकरीतून काढलेले विनोद. बोलणं ऐकू आलं नाही तरी चालतं. मात्र ज्याला हसलं की खोकल्याची उबळ येते त्याने तो आठवडाभर पुढे ढकलावा.

जपानी हवा असेल तर मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८), ८६ मिनिटं. त्यातली आई इस्पितळात आहे आणि मुली तिची वाट पाहतायत. आजारपणातून उठणाऱ्या काहींना ते जवळचं वाटेल, काहींना नकोसं. आपली आई कशी आहे ते तुम्हालाच माहीत.

शेजारी बसून वाचून दाखवणार असाल तर प्रत्येक ओळ वाचू नका. सुरू करण्याआधी पात्रांची नावं आणि नाती एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या हाताशी ठेवा. परकी नावं लक्षात राहत नाहीत, गोंधळ तिथेच होतो. प्रसंग बदलला की एक वाक्य सांगा, भांडण असेल तर कशावरून ते सांगा, बाकी चेहरे सांगतात. आणि दर पाऊण तासाने थांबवून तिला उठवून दोन फेऱ्या मारायला लावा. फुप्फुसांच्या दुखण्यात सलग पडून राहणं चांगलं नाही.

प्रश्न : मला अर्धशिशी आहे, अधूनमधून चक्करही. काही युरोपियन सिनेमे पाहताना मळमळतं.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : हातात धरलेला कॅमेरा हे त्याचं मुख्य कारण. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, आणि मेंदू या विसंगतीला मळमळीने उत्तर देतो. १९९५ मध्ये डेन्मार्कचे दिग्दर्शक लार्स फॉन ट्रायर आणि थॉमस व्हिंटरबर्ग यांनी ‘डॉग्मा ९५’चा जाहीरनामा काढला, त्याची एक अटच होती की कॅमेरा हातातच हवा. तेव्हा डॅनिश सिनेमा आणि त्या काळच्या आसपासचं साल दिसलं की आधी दोन मिनिटं बघून ठरवा. याच्या दुसऱ्या टोकाला जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू. त्यांचा कॅमेरा जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली असतो आणि जवळजवळ हलत नाही. ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) १३६ मिनिटांचा आहे, दोन बैठकींत पाहा.

टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो अशी त्याची नावं. टीव्ही मधली खोटी चित्रं भरून सिनेमाला मालिकेसारखं गुळगुळीत करतो, काहींना त्याने जास्त गरगरतं. पडदा प्रखर वाटत असेल तर ‘बॅकलाइट’ कमी करा. ‘ब्राइटनेस’ला हात लावू नका, बऱ्याच टीव्हींत त्याने फक्त काळ्या रंगाची पातळी बदलते आणि चित्र मातकट होतं. खऱ्या झटक्यात, डोळ्यांसमोर तिरिमिरी येत असताना, कुठलाच पडदा नको.

प्रश्न : सर्दीने कान बंद आहेत. बोलणं पुटपुटल्यासारखं, आणि संगीत आलं की घर दणाणतं. रात्री घरचे ओरडतात.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर्दीत नाक आणि मधल्या कानाला जोडणारी नळी सुजते, पडद्यामागचा दाब बिघडतो आणि सगळं गादीखालून आल्यासारखं ऐकू येतं. आवाज वाढवून ते सुटत नाही. निम्मा दोष टीव्हीचाही आहे. सिनेमाचा आवाज ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) असतो, त्यात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांत सगळं कोंबलं की संवाद दबतात. ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत ५.१ सोडून साधा स्टिरिओ पर्याय असेल तर तो निवडा. टीव्हीच्या आवाजात नाइट मोड किंवा आवाज सारखा ठेवणारा पर्याय चालू करा. लॅपटॉपवर व्हीएलसीच्या इफेक्ट्समध्ये मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर आहे.

ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज किंचित मागे पडतो. हिंदी सिनेमात ते लगेच खटकतं, पण भाषाच कळत नसेल तर फारसं जाणवत नाही. परदेशी सिनेमाचा हा एक फायदाच म्हणायचा. खटकलंच तर व्हीएलसीत ‘जे’ आणि ‘के’ने आवाज मागेपुढे करता येतो. कान ठणकत असेल किंवा वाहत असेल तर आत घालायचे इअरफोन वापरू नका.

वाफ घ्यायची असेल तर सिनेमा थांबवून, पातेलं टेबलावर ठेवून घ्या. मांडीवर किंवा अंथरुणात पातेलं घेऊन पडद्याकडे बघत वाफ घेताना भाजल्याचे प्रकार घडतात.

प्रश्न : पोट बिघडलंय, दर वीस मिनिटांनी उठावं लागतं. सिनेमा शक्य आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : लघुपटांचे संग्रह पाहा, दहा-पंधरा मिनिटांचे. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण मिसळा, अर्धं-अर्धं नको, आणि २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ. प्रत्येक वेळी उठून आल्यावर पेलाभर, घोट घोट. पॉपकॉर्नऐवजी पातळ पेज : एक वाटी तांदळाला आठ वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. शौचात रक्त दिसलं किंवा लघवी फार कमी झाली तर घरी थांबू नका.

प्रश्न : मी दोह्यात असतो. वडील मिरजेला डेंग्यूने ॲडमिट आहेत, वेळ जात नाही म्हणतात. त्यांना जुन्या इटालियन सिनेमांची आवड. इथून काय करता येईल?
— एक वाचक, दोहा

उत्तर : तुमच्या ॲपवर दिसणारा सिनेमा भारतात दिसेलच असं नाही. हक्क देशागणिक विकले जातात. त्यामुळे यादी तुम्ही पाठवण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोनवर शोधून बघायला सांगा. इस्पितळाच्या वायफायवर भिस्त नको. नेटफ्लिक्सवर एचडी दर्जाला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, साध्या दर्जाला १ जीबीपर्यंत. फोनच्या पडद्यासाठी साधा दर्जा भरपूर झाला. घरून डाउनलोड करून नेऊ देत. डाउनलोड करण्याआधी सबटायटल्सची भाषा निवडायची, कारण सगळ्या भाषा सोबत येतातच असं नाही. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाच मिनिटं चालवून बघायचं. हे न केल्याने वॉर्डात पोचल्यावर सबटायटल्सच नाहीत अशी पंचाईत होते.

सलाइन ज्या हाताला आहे त्या हातात फोन नको. कोपर वाकलं की थेंब थांबतो आणि सुई हलते. फोनला छोटा स्टँड घेऊन तो जेवणाच्या सरकत्या टेबलावर ठेवायचा. इअरफोन वायरचा आणि एकाच कानात, म्हणजे सिस्टरने हाक मारलेली ऐकू येते. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जपायचे असतात. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम गळून जाणं, यांपैकी काही झालं की सिनेमा चालू असला तरी तत्काळ बेल दाबायची, हे वडिलांना फोनवर सांगून ठेवा.

प्रश्न : सर्दीची गोळी घेऊन पाहायला बसते आणि मध्यंतराच्या आधीच झोप. जागी होते तेव्हा ॲपने तिसराच सिनेमा लावलेला असतो.
— एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : सेट्रिझिन दिवसातून एकदाच घ्यायची असते, तर ती सिनेमा संपल्यावर, झोपताना घ्या. तासाभरात तिचा अंमल सुरू होतो. क्लोरफेनिरामिन असलेल्या गोळ्या जास्त गुंगी आणतात आणि दिवसातून दोन-तीनदा घ्यायच्या असतात; वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारून. ॲपच्या प्रोफाइल सेटिंगमध्ये पुढचं आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. टीव्हीचा स्लीप टायमर सिनेमाच्या लांबीपेक्षा दहा मिनिटं जास्त लावा. परदेशी सिनेमाला मध्यंतर नसतं, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, प्रसंग संपतो तिथे, स्वतःच थांबा आणि वेळ लिहून ठेवा. ॲप जागा लक्षात ठेवतं, पण तुम्ही झोपेत असताना तो पुढे पळालेला असेल तर चुकीची जागा लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी तिथून नव्हे, पाच मिनिटं आधीपासून लावा.